तेलावरची वीज

आमच्या अकोल्याच्या कॉलनीत विजेचे एक तज्ज्ञ राहतात. आखातातल्या तेलावर चालणाऱ्या वीजकेंद्रात त्यांनी उमेदीची वर्षं काढली, आणि परतल्यापासून आमचं अज्ञान दूर करायचं व्रत घेतलं. कुणाचा दिवा मिणमिणला की ते फाटकाशी हजर.

“तेल जाळाचं, पान्याची वाफ कराची. वाफेनं टर्बाइन फिरते, त्याच्यासंग जनरेटर फिरते. याच्यात का कठीन आहे?” जणू आम्हीच वाफ करायला कंटाळलो होतो.

त्यांच्याकडे एक छोटा डिझेल जनरेटर आहे. तो त्यांनी कधी कुणाच्या लग्नालाही दिला नाही. “तुमाले त्याचा आवाज समजत नाही,” म्हणत. आम्हाला तो भिंतीपलीकडूनही चांगला समजत असे.

यंदा मे महिन्यात भरदुपारी चौकातली डीपी जळाली आणि लाइट गेली. शेजारच्या आजींचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. त्यांचा मुलगा सिलिंडरसाठी फोन लावत होता, तोवर हे तज्ज्ञ आपला जनरेटर ढकलत दारात आले. वायर जोडली, मशीन सुरू झालं. मग डोक्याला दुपट्टा बांधून ते उन्हातच स्टुलावर बसले. प्रवचन नाही, काही नाही. आवाज जरा बदलला की उठून डिझेल बघत.

संध्याकाळी लाइट आली. मुलगा म्हणाला, “काका, लाइन आली. बंद करा आता.”

“आली, ते मलेबी दिसलं,” ते म्हणाले. “टिकते का, ते पाहू दे.” आणि बसून राहिले.