जावेला पडले, मला नाही

आमच्या उपकेंद्रातल्या नर्सताई मनाचा त्रास मोजायचे प्रश्न घेऊन घरी आल्या, तेव्हा मी आणि धाकटी जाऊ सोप्यात शेजारीशेजारी बसलो होतो. समोर सासूबाई हुलगे निवडत होत्या. झोप लागते का, रडू येतं का, कशात मन रमतं का. मी सगळ्याला ‘काही त्रास नाही’ म्हणून मोकळी झाले. जाऊ मात्र खरं बोलली.

तिचे मार्क इतके आले की ताईंनी तिला कराडच्या डॉक्टरकडे पाठवलं. मग सगळं घर तिच्याभोवती फिरायला लागलं. दीर तिला गाडीवर घेऊन जायचे, येताना दोघं भेळ खाऊन यायचे. वैरण माझ्याकडे, धारा माझ्याकडे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. दीर इथंच साखर कारखान्यात, रोज संध्याकाळी घरी. माझा नवरा फौजेत, सुट्टी मिळाली तर दिसणार. आणि दुःख कुणाला, तर हिला!

शेवटी मी एकटीच उपकेंद्रात गेले आणि म्हटलं, मला परत विचारा. ताई म्हणाल्या, मग आधी का नाही सांगितलं? काय सांगणार? फौजीच्या घरात फोनवर एकच उत्तर द्यायचं असतं, इकडं सगळं बरं आहे. तिकडं त्याला घोर नको, हे सासूबाईंनी लग्न झाल्याझाल्या शिकवलेलं. सवयीनं तेच तोंडातून गेलं होतं. या वेळी खरं सांगितलं. बेरीज झाल्यावर पहिलं विचारलं, जावेपेक्षा जास्त आहेत का? ते काही त्यांनी सांगितलं नाही, पण मलाही कराडला जायला सांगितलं. मला पास झाल्यासारखं वाटलं.

घरी येऊन सासूबाईंना तोऱ्यातच सांगितलं. आता वैरण कोण आणतंय बघूया, असं मनात होतं. त्यांनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं.

“मलाबी इचार की गं त्ये,” त्या म्हणाल्या.

मला रागच आला. एक दिवससुद्धा माझा म्हणून मिळेना. तरी आठवेल तसा पहिला प्रश्न विचारला, झोप लागते का?

सासरेही फौजीच; पेन्शनीवर आले, चार वर्षं घरी राहिले आणि वारलेही, त्याला आता बराच काळ झाला.

“तुझं सासरं पल्टणीत गेलं, तवापास्नं न्हाई,” त्या म्हणाल्या. “कुणी इचारलंच न्हाई.”