म्हाताऱ्या माश्यांची बाटली

स्टाफरूममध्ये पद्मजाबाईंचा विषय निघाला की कुणीतरी म्हणायचंच, "बसल्या असतील माश्या मारत." प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होते, आणि मला ते झोंबायचं. बाई माश्या मारत नव्हत्या. जगवत होत्या.

पिकल्या केळ्यावर बसतात त्या चिलटाएवढ्या फळमाश्या. दुधाच्या बाटल्यांत तळाला मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून घातलेला, तोंडाला कापसाचा बोळा. तरुण माश्यांची अंडी बाई फेकून द्यायच्या, फक्त म्हाताऱ्या माश्यांची वाढवायच्या. पुढच्या पिढीतही तेच. सहा वर्षांनी त्यांच्या माश्या साध्या माश्यांपेक्षा पंधरा-वीस दिवस जास्त जगायला लागल्या.

"पेशीतल्या डीएनएला रोज इजा होते, पेशी ती रोज दुरुस्त करते," बाई सांगायच्या. "म्हातारपणी ते काम मागे पडतं. माझ्या माश्यांत ते जास्त दिवस चालतं का, एवढंच मला बघायचंय."

ते बघायची सोय कोल्हापुरात नव्हती. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत होती, आणि बाई आधी तिथेच संशोधन करायच्या. १९६८ मध्ये आईला अर्धांगवायू झाला म्हणून दहा दिवसांच्या रजेवर कोल्हापूरला घरी आल्या, त्या इथल्याच झाल्या. तिथल्या टेबलाबद्दल मात्र त्या माहेराबद्दल बोलावं तशा बोलायच्या. खिडकीबाहेर चिंच होती, दुपारी तिची सावली वहीवर यायची.

१९७६ च्या दसऱ्यानंतर जायचं ठरलं. धाकटी बहीण श्यामला आईजवळ येऊन राहणार होती. रजा मंजूर झाली, तिकडचं बोलावणं आलं. बाईंनी नवी साडीसुद्धा घेतली आणि मला मुद्दाम उघडून दाखवली. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आमचा शिपाई केरबा शिवाजी पेठेतल्या तालमीतला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, म्हणून तो दरवर्षी मायक्रोस्कोपांना झेंडूच्या माळा घालायचा. त्या वर्षी त्याने बाटल्याही पूजेत घेतल्या. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा एक बाटली हळदकुंकू लावून मधोमध ठेवलेली होती. बाकीच्या लख्ख धुऊन पालथ्या घातल्या होत्या.

"घाण झालत्या की बाटल्या," केरबा म्हणाला. "नवमीला घाण हत्यार पुजत न्हाईत, बाई. आतल्या माश्या बी म्हाताऱ्या, जाग्यावरनं हलत नव्हत्या. तरण्या तेवढ्या ठेवल्यात बघा."

ठेवलेली बाटली तुलनेसाठी पाळलेल्या साध्या माश्यांची होती.

मी केरबावर तोंड सोडलं. त्याचा चेहरा पांढरा पडला तरी मी थांबेना, तेव्हा बाईंनीच मला गप्प केलं. "कुठली बाटली कशाची, हे मी त्याला कधी सांगितलं होतं?" त्यांनी हात पुढे करून त्याच्याकडून प्रसादाचं खोबरं घेतलं आणि बंगळूरला पत्र लिहायला बसल्या. माश्या अजून तयार नाहीत, एवढंच लिहिलं. रडू मला आलं.

त्या हळदकुंकवाच्या बाटलीतूनच बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाटल्यांवर आता केरबाच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या: म्हाताऱ्या, हात लावू नये. वाण तयार व्हायला सात वर्षं गेली. तोवर आई पुरती अंथरुणाला खिळली होती आणि श्यामला नवऱ्याच्या बदलीमुळे कलकत्त्याला गेली होती.

"तू जा," बाई मला म्हणाल्या.

टोपलीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या आठ बाटल्या घेऊन मी गेले. महिनाभर राहिले. परतल्यावर स्टँडवरून थेट बाईंच्या घरी. त्या आईला मऊ भात भरवत होत्या. मी कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांच्या म्हाताऱ्या माश्या डीएनएची इजा साध्यांपेक्षा लवकर भरून काढत होत्या. बाईंनी तो दोनदा वाचला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मग भात कालवत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "चिंच आहे का गं अजून?"

त्यांचं टेबल मला तिथल्या लोकांनी दाखवलं होतं. खिडकीच्या जागी भिंत होती, भिंतीपलीकडे नवी इमारत.

"आहे," मी म्हटलं.

"सावली येते वहीवर?"

"येते."

"मग पुढच्या दसऱ्यानंतर जाऊन येईन म्हणते," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आईच्या तोंडाशी घास नेला.