शिवणीवरचे काप

कौशल्याबाई काळमेघ यांनी वीस वर्षं अमरावतीतल्या लोकांचे स्वेटर विणले. पुढे तयार स्वेटर स्वस्त झाले. लोकरीचे गुंडे घेऊन येणाऱ्या बायका कमी होत गेल्या आणि एका हिवाळ्यात कुणीच आलं नाही. नवरा आधीच गेलेला. पन्नाशी उलटल्यावर त्या नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये कामाला लागल्या. तिथलं काम स्वेटर कापायचं होतं.

शेडमध्ये परदेशातून वापरलेल्या लोकरी कपड्यांच्या गाठी यायच्या. मुकादम श्यामनं पहिल्याच दिवशी समजावलं, "हे कपडा मनून आत येऊ देत नाई, त्याले परवाना लागते. चिंधी मनून येऊ देते. मनून कस्टमच्या साहेबानं पाह्याच्या आधी आपन त्याची चिंधी करतो. एका नगाले तीन काप. कोनाले अंगात घालता नाई आलं पायजे, बस."

नऊ बायका होत्या. आठ जणी छातीवरून, पोटावरून आडवी सुरी ओढायच्या. कौशल्याबाईंना ते जमेना. वीण मधून कापली की टाके एकाखाली एक सुटत जातात, आणि ते सुटणं त्यांच्या बोटांना सुरी टेकायच्या आधीच जाणवायचं. त्यांनी आपली एक वाट काढली. दोन्ही खांदे आणि एक कूस, तिन्ही काप शिवणीवरून. काप तीन भरायचे आणि वीण शाबूत राहायची. एकही स्वेटर त्यांनी घरी नेला नाही. तो विचारही त्यांना शिवला नाही.

शेजारी बसणारी रागिणी पाहायची.

"मावशी, कापून राहिल्या का ऑपरेशन करून राहिल्या?"

"आडवं कापलं का सारं उसवते."

"मंग उसवू द्या ना. जावयाचं हाये का ते?"

सगळ्या हसायच्या. त्यांच्यासोबत कौशल्याबाईही. श्याम काप मोजायचा, ते कुठे आहेत हे पाहायचा नाही.

डिसेंबरात तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं कापलेल्या मालाच्या एका गाठीतून एक हिरवा स्वेटर उचलला आणि खांद्याच्या दोन कडा जुळवून धरल्या. मग दुसरा उचलला. मग ती सगळी गाठ सोडायला लावली.

"हे सुईदोऱ्यानं अर्ध्या तासात जोडता येईल," तो शांतपणे म्हणाला. "याला चिंध्या म्हणत नाहीत. हे वापरलेले कपडे आहेत."

"साहेब, दोन-चार गाठी असतीन तशा," श्याम म्हणाला. "बाकीचा माल पाहा ना."

"पाहीन. पण कागदावर तुम्ही सगळाच माल चिंध्या म्हणून दाखवलाय."

कौशल्याबाई उठून पुढे आल्या. "साहेब, ते माह्या हातचं हाये. या बायायचा काई दोष नाई. मले द्या, मी आत्ताच्या आत्ता कापून देतो."

"आता नाही चालणार, बाई. तपासताना माल जसा सापडला, तसाच लिहावा लागतो."

संध्याकाळी शेडला सील लागलं. परवान्याशिवाय कपडे आणल्याचं प्रकरण उभं राहिलं आणि नागपूरला तारखा पडत राहिल्या. मालकानं फेब्रुवारीत हा धंदाच सोडला. श्याम अकोल्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये लागला. बायकांना कुणी कुठे कामाला बोलावलं नाही. शेजारच्या कारखान्यांना शिलाई येणाऱ्या तरुण मुली हव्या होत्या.

कौशल्याबाई एकेक करून आठही जणींच्या घरी गेल्या. कुणी दारातूनच बोललं, कुणी चहा दिला आणि विषय काढू दिला नाही. एकीच्या सासूनं चार शब्द सुनावले, ते ऐकून त्यांना जरा बरंच वाटलं. रागिणीकडे त्या सगळ्यांत शेवटी गेल्या. रागिणीनं पाणी आणून दिलं आणि समोर जमिनीवर बसली. फीपायी तिच्या मुलीची शाळा बंद झाली होती, नवरा पाठ धरल्यामुळे कामावर जात नव्हता. हे ती तक्रार केल्यासारखं बोलली नाही.

"मावशी, एक विचारू?"

"विचार ना बाई."

"त्या स्वेटरायची तुमाले येवढी काळजी वाटली. आमी तुमच्या बाजूलेच बसून होतो ना?"

काही सांगता येईल असं कौशल्याबाईंना वाटत होतं, पण विणीबद्दल, टाक्यांबद्दल जे जे मनात आलं, ते या घरात बोलण्यासारखं नव्हतं.

"राग नाई मले," रागिणी म्हणाली. "पन आता नका येत जाऊ."

कौशल्याबाईंनी मान हलवली. पाणी पिऊन त्यांनी गिलास विसळला, पालथा घातला आणि चपला शोधू लागल्या.