आईला बर्फावरून नेणारी

हॅनोव्हरच्या थंडीत आई राहायला येणार म्हणून मी तिच्यासाठी दुकानातले सगळ्यांत चांगले, खोल खाचांच्या तळव्यांचे बूट आणून ठेवले होते. खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाईने सुचवलं आणि आईने त्या बुटांवरून माझ्या नवऱ्याचे जुने लोकरी मोजे चढवले. बुटांवर मोजे! म्हणे घसरत नाही. खरंच घसरत नव्हतं, हेच तर माझं दुखणं होतं.

मी ऑफिसला गेले की दोघी फिरायला जात. आईला जर्मन येत नाही, त्या बाईला मराठीचा गंध नाही. तरी संध्याकाळी आई मलाच शिकवायची, "बारकी पावलं टाकायची. खिशात हात घालायचे नाहीत. रस्ता नुसता ओला दिसला तरी बर्फ आहे असंच समजायचं."

हे सगळं मी तिला आल्या दिवशीच सांगितलं होतं. तेव्हा "हो गं" म्हणून ती फोन बघत बसली. आता तेच शेजारणीने हातवारे करून सांगितल्यावर पटलं! माझा नुसता जळफळाट झाला.

शनिवारी मी हट्टाने तिला घेऊन निघाले. दंड घट्ट धरला. इथे पाय ठेव, तिथे नको, थांब जरा, अशी माझी टकळी चालू होती. कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंतही पोचलो नव्हतो, तोच ती उभी राहिली.

"सोड बघू मला आधी."

"अगं, पडशील आई! कंबर मोडली तर?"

"तू धरलंस ना, की आता पडणारच असं वाटतं मला. त्या बाई धरत नाहीत. नुसत्या शेजारून चालतात."

मी हात सोडला आणि फणकाऱ्याने पुढे चालू लागले. आई मागून सावकाश येत राहिली. त्या बाईला स्वतःची माणसं नाहीत का, माझीच आई बरी सापडली, असलं काहीबाही माझ्या मनात येत होतं.

सोमवारी मी घरूनच काम करत होते. बेल वाजली, आई लगबगीने खाली गेली. मी लॅपटॉप सोडून खिडकीत आले. आमच्या दारापुढे बारीक खडी टाकलेली होती. ती संपली की पुढे चकचकीत बर्फ. बाई खरंच तिला धरत नव्हती, नुसती शेजारून चालत होती. खडी संपली तिथे आई क्षणभर थांबली, आणि तिने आपण होऊन त्या बाईचा हात धरला.