गोड न खाणारी झुरळं

आमचे हे झुरळं मारतात. लग्न ठरवताना माझ्या बाबांना सांगितलं होतं, "स्वच्छतेच्या कामात आहे." बाबा समजले, कुणीतरी मोठा साहेब असणार! असो. माणूस सोन्यासारखा निघाला, म्हणून मीही तोंड बंद ठेवलं.

विषाची पेस्ट हे घरीच करतात. साखरेचा पाक, पीठ आणि औषध. माझ्या स्वयंपाकघरात नाही हं, मागच्या खोलीत! थेंब थेंब फटीत लावायचे, झुरळं खातात आणि मरतात. कोपऱ्यावरच्या बेकरीचं काम वर्षानुवर्षं आमच्याकडेच आहे. घर चालतं ते तिच्यावर. बाकीची गिऱ्हाइकं आज आहेत, उद्या नाहीत.

आणि गेल्या वर्षी नेमकी तिथेच झुरळं माजली. यांनी पेस्ट लावली, काही फरक नाही. पाक वाढवला, तरी तेच. आणखी वाढवला, तर मुंग्यांची रांग आमच्या दारात! शेवटी बेकरीच्या मालकीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "या महिन्यात जमलं तर बघा. झुरळं मारणारी ती गणवेशवाली कंपनी येऊन गेलीय."

यांचा चेहरा एवढासा झाला. मी घरखर्चाची वही काढून बसले.

दुसऱ्या दिवशी हे बेकरीतली जिवंत झुरळं बरणीत भरून घेऊन आले. मी अशी कडाडले की शेजारीण डोकावून गेली. "अहो, लोक बायकोसाठी फुलं आणतात!" यांनी बरणीत एकीकडे पेस्टचा थेंब ठेवला, दुसरीकडे लोण्याचा. झुरळांनी पेस्टला तोंड लावलं आणि कडू लागावं तशी मागे सरली. लोण्यावर मात्र तुटून पडली.

"अगं, यांना मीच घडवलं!" हे ओरडले.

"शाबास! आता नावंही ठेवा त्यांची."

"ऐक तर. एखाद्या झुरळाला जन्मापासूनच गोड आवडत नसणार. पूर्वी ते मागे पडायचं, गोड खाणारी ताव मारून भराभर वाढायची. मी मारली ती सगळी गोड खाणारी. मग मागे पडणारं पुढे गेलं, आणि त्याचीच पिल्लावळ बेकरीभर झाली. मी पाक वाढवत बसलो, म्हणजे त्यांचीच सोय केली!"

"म्हणजे झुरळं हुशार झाली म्हणायची."

"एकही झालं नाही. उरली तीच वेगळी होती."

पाक बंद झाला, पेस्टमध्ये लोणी आलं. बेकरीतली झुरळं पटापट उताणी पडू लागली.

महिनाअखेरीला मीही बरोबर गेले. मालकीणबाईंनी भट्टीमागे, पिठाच्या पिंपाखाली वाकून वाकून पाहिलं. एकही नाही. खूश होऊन म्हणाल्या, "म्हणजे आता कायमचा बंदोबस्त ना?"

अहो, हो म्हणा, मी मनात म्हटलं. एकदाच हो म्हणा!

"नाही," हे म्हणाले. "पुढे कधीतरी लोणी न खाणारी उरतील. तेव्हा मलाही बदलावं लागेल."

मी मागून यांचा सदरा ओढला.

मालकीणबाईंनी हातावरचं पीठ झटकलं. मग हसल्या. "कंपनीवाल्यांना हेच विचारलं होतं. लगेच हो म्हणाले. माझ्या वडिलांच्या वेळेपासून इथे झुरळं आहेत, मला काय खुळी समजतात? काम तुमचंच."

मला तिथेच रडू फुटलं. हे घाबरून म्हणाले, "अगं, काय झालं? झुरळ दिसलं का?"