न ओरडणारा पट्टा

माझे बाबा वीस वर्षं अमडापूरला दुसऱ्याच्या चक्कीवर दळायला होते. चक्की मालकाची, पट्टा मालकाचा, खोकला तेवढा आमचा. चक्कीखाली सांडलेलं पीठ झाडून घरी न्यायची मुभा होती. त्यात ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ सगळं एकत्र आलेलं असायचं, म्हणून आमच्या भाकरीला कधी एक चव नव्हती. पट्टा जुना झाला तरी मालक नवा आणत नसे. तुटला तिथं तारेचे टाके घालायचा आणि म्हणायचा, "चालते अजून." मी सातवीत असताना एका सकाळी तो टाका सुटला आणि पट्ट्याचं टोक बाबांच्या डाव्या कानशिलावर बसलं. दोन महिने बाबा घरी पडून. आई लोकांच्या शेतात निंदायला जायची, आणि झाडून आणायचं पीठही बंद झालं. बाबांचा डावा कान गेला तो गेलाच.

तेव्हापासून कोणी मला यंत्राबद्दल काही सांगायला लागलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, हा मला हे का सांगतोय?

आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, आता चिखलीला शाळेत विज्ञान शिकवते. हे मी मिरवते, लपवत नाही. आईबाबा माझ्याजवळच राहतात. आईचे गुडघे गेले, तिला एसटीची पायरी चढवेना. तीन वर्षं ती साखरखेर्ड्याला माहेरी गेली नव्हती. नुसतं म्हणायची, "भावाच्या घरी एकडाव जेवून येतो, मंग काई म्हणत नाई." म्हणून मी जुनी डिझेल गाडी घेतली. होतं नव्हतं ते तिच्यात गेलं. ती बिघडली तर दुसरी होणार नव्हती, हे घरात तिघांनाही माहीत होतं.

गाडी बुलढाण्याच्या एका निवृत्त मास्तरांची. नऊ वर्षं जुनी, पण चाललेली अठ्ठेचाळीस हजारच. मास्तरांनी गाडीची वही ठेवलेली, सुवाच्य अक्षरात. "बाई, पट्टासुद्धा बदललाय," असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. वहीतही होतं, 'पट्टा बदलला.' मी त्या पानाचा फोटो काढून ठेवला. पुराव्याला.

साखरखेर्ड्याला जायच्या आधी ऑइल बदलायला गाडी चिखलीच्या एका मिस्त्रीकडे नेली. त्यानं बॉनेट उघडलं, गाडीची वर्षं विचारली आणि म्हणाला, "मॅडम, टायमिंग पट्टा बदलून घ्या."

"पट्टा बदललेला आहे."

"कोन सांगतलं?"

"वहीत लिहिलंय."

"वहीत लिवलं म्हनून पट्टा नवा होते काय?" तो हसला. "असं करा, साहेबांले पाठवा. मी त्याइले समजावून सांगतो."

"घरात साहेब नाहीत. मी आहे आणि माझे बाबा आहेत. मलाच समजावा."

मग त्यानं समजावलं. हा पट्टा खालच्या शाफ्टला आणि वरच्या व्हॉल्व्हच्या शाफ्टला एका तालात फिरवतो. चालत्या गाडीत तो तुटला की ताल सुटतो, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं. "मंग गाडी भंगारातच समजा," म्हणाला. पिस्टन आणि व्हॉल्व्हचं चित्र मी दरवर्षी फळ्यावर काढते, त्यामुळे त्यात खोटं नाही हे मला कळत होतं. पण मास्तर किंवा मिस्त्री, दोघांपैकी एक जण मला फसवत होता, एवढं मात्र मी धरून चालले. मी त्याला वरचं झाकण काढायला लावलं. आत काळा, दातेरी पट्टा. सगळे दात जागेवर, भेग नाही, धागा सुटलेला नाही.

"हा तर चांगला आहे."

"दिसते चांगला."

हे उत्तर मला मुळीच आवडलं नाही. उद्या सांगते म्हणून मी गाडी घरी आणली, बैलगाडी हाकावी तशी.

बाबा ओट्यावर होते. उजव्या बाजूला बसून मी त्यांना सगळं सांगितलं.

"खोलून दाखोला त्यानं?"

"हो."

"फाटला हाये?"

"नाही."

"मंग चालते अ..." म्हणाले आणि स्वतःच थांबले. त्यांचा हात डाव्या कानाकडे गेला. मग म्हणाले, "मास्तरनं पट्टा काऊन बदलला होता, ते इचार ना त्याले."

मी फोन लावला, स्पीकर मोठा करून बाबांच्या उजव्या कानाजवळ धरला. मास्तर म्हणाले, "अहो, सकाळी गाडी सुरू केली की चीं चीं ओरडायचा. शेजारी येऊन भांडायचे. बदलला आणि गप्प झाला बघा."

फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "बाई, तू पाह्यला तो पट्टा दातेवाला हाये ना?"

"हो."

"दातेवाला पट्टा घसरत नाई. घसरत नाई तो ओरडन कसा?"

चक्कीचा पट्टा सपाट. तो घसरायला लागला की ओरडायचा, आणि बाबा त्याला राळ लावून गप्प करायचे. गाडीतही तसा एक पट्टा बाहेरच्या अंगाला असतो, बॅटरी चार्ज करणारं अल्टरनेटर फिरवणारा. मास्तरांनी तो बदलला होता. ते खोटं बोलले नव्हते. आमच्याकडे पट्टा म्हणजे पट्टा. कंबरेचा, चक्कीचा, गाडीचा, सगळ्यांना एकच शब्द. कोणता पट्टा, हे विचारायचं काम माझं होतं. आठवीच्या पोरांना पट्टा आणि कप्पी शिकवणाऱ्या बाईनं ते विचारलं नव्हतं. हे मला लागलं.

म्हणजे आतला पट्टा कंपनीतून आला तोच, नऊ वर्षांचा. पण गाडी तर अठ्ठेचाळीस हजारच चाललेली. मी डॅशबोर्डच्या कप्प्यातलं इंग्रजी पुस्तक काढलं. त्याच्यावरचं प्लास्टिकही कोणी फाडलेलं नव्हतं. त्यात माझ्या गाडीसाठी लिहिलं होतं: एक लाख किलोमीटर किंवा पाच वर्षं, यातलं जे आधी होईल ते. दुसऱ्या गाड्यांचे आकडे वेगळे असतात, काहींना तर पट्ट्याऐवजी साखळी असते. मी इतके दिवस फक्त किलोमीटर बघून खूश होते.

बाबांना वाचून दाखवलं. "उभी राह्यली तरी पाच वर्स?"

"रबर आहे बाबा. उभ्या उभ्याही म्हातारं होतं."

"माह्यावानी," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मिस्त्रीला मी आधीच बजावलं की नव्या पट्ट्याचं खोकं माझ्यासमोर फोडायचं आणि जुना माल माझ्या हातात द्यायचा.

"मॅडम, पोलिसात होत्या काय?"

"शाळेत आहे. तिथं जास्त शिकायला मिळतं."

पट्टा काढल्यावर तो म्हणाला, पट्टा ताणून धरणारी चाकी, म्हणजे टेन्शनर, आणि पाण्याचा पंपही बदला. माझं डोकं फिरलं. "काल नुसता पट्टा होता. आज चाकी, पंप. उद्या स्टिअरिंग बदलणार का?"

"मॅडम, याच पट्ट्यानं पंप फिरते. उद्या पंप अडकला त नवा पट्टाबी गेला. मंग म्हनसान, मिस्त्री चोर होता."

मी भांडायच्या तयारीत होते, तेवढ्यात बाबांनी ती चाकी मागितली. मिस्त्रीला रेडिओ बंद करायला सांगितला. चाकी उजव्या कानाला लावून त्यांनी बोटानं फिरवली. पुन्हा फिरवली.

"हे बोलून राह्यली," म्हणाले आणि माझ्या कानाला लावली. आतून बारीक खरखर येत होती, ज्वारीत माती आल्यावर जात्यातून येते तशी. पट्ट्यानं काहीच सांगितलं नव्हतं. चाकी सांगत होती.

मिस्त्रीचा चेहरा बदलला. "काका, कुठं होते कामाले?"

"चक्कीवर."

"मंग तुमाले काय सांगू, उस्ताद!" म्हणाला, आणि बाबांसाठी स्टूल पुसून पुढे केलं.

मी जुना पट्टा उलटा वाकवून बघितला. दातांच्या मुळाशी केसासारख्या भेगा होत्या. सरळ असताना त्यातली एकही दिसली नव्हती. पट्टा, चाकी, पंप, तिन्ही बदलून घेतले. मिस्त्रीवरचा माझा संशय मात्र पूर्ण गेलेला नाही. एअर फिल्टर तो दर वेळी खराबच झालाय म्हणतो.

मास्तरांच्या 'पट्टा बदलला' या ओळीखाली मी लिहिलं, 'टायमिंग पट्टा, टेन्शनर, पाण्याचा पंप बदलला.' तारीख लिहिली, किलोमीटर लिहिले, पुढचा कधी तेही लिहिलं.

रविवारी आई पुढच्या सीटवर बसून साखरखेर्ड्याला गेली आणि तीन वर्षांनी भावाच्या घरी जेवली. आमच्या घरातली ही पहिली गाडी. तिचा पट्टा बदललेला आहे, आणि ती मी चालवते.