झाकणाच्या गाठी

दादाच्या पिकअपच्या हौद्याला फायबरचं कडक झाकण होतं. आधीच्या मालकाने हौसेने बसवून घेतलेलं, काळं, चकचकीत आणि वाजवीपेक्षा जड. दादा त्या गाडीतून दादरच्या एका बेकरीचा माल पोचवायचा, त्यामुळे पावसात खारी-बटर कोरडे राहायला ते झाकण बरं होतं. मी त्याला तिजोरी म्हणायचे. दादा म्हणायचा, तुमच्या माटुंग्याच्या फ्लॅटपेक्षा माझ्या तिजोरीचं फिटिंग चांगलं आहे. ते खरंच होतं. आमच्या खिडक्या दर जुलैत गळायच्या.

वर्षातून एकदाच ते झाकण उतरायचं, गणपतीला. माझ्या माहेरच्या, परळच्या चाळीतले घरगुती गणपती लालबागच्या कारखान्यातून दादाच्याच गाडीने येत. झाकणाखाली मूर्ती मावत नसत, आणि मावल्या असत्या तरी बाप्पाला डिकीत घालून आणायला आईने दिलं नसतं. दादा हौद्यात शिरून आतल्या कडेचे क्लॅम्प सोडायचा, मग चौघेजण झाकण उचलून चौकात आईच्या जुन्या गोधडीवर ठेवायचे. विसर्जन करून पाट घरी आला की ते परत चढायचं. मुंबईच्या खड्ड्यांत क्लॅम्पचे दांडे ढिले पडतात. म्हणून दादा प्रत्येक दांड्याला पूजेतली उरलेली नाडाछडी, तो लाल धागा, गुंडाळून घट्ट गाठ मारायचा. मेकॅनिक त्याला हसायचा, पण गाडी कधी कुरकुरली नाही. ती गल्लीत शिरली तरी वर कळायचं नाही आणि दादा एकदम दारात उभा राहायचा. आई दचकायची. "चोरासारखो येता मेलो," म्हणायची आणि चहा टाकायची.

यंदा चैत्रात दादा गेला. सकाळी माल टाकून आला, छातीत कळ आली, आणि टॅक्सी मिळून हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. जन्मभर परळमधल्या हॉस्पिटलांच्या गराड्यात राहिलेल्या माणसाला त्यातल्या एकाही हॉस्पिटलापर्यंत पोचता येऊ नये, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. कुणावर काढायचा तेही कळत नाही.

वहिनीला गाडी दादानेच शिकवली होती. थोड्याच दिवसांत ती स्वतः बेकरीचा माल पोचवू लागली. मी आईकडे गेले की बघायचे, दुपारी जिन्यावर पावलं वाजली की आई हातातलं काम टाकून दाराकडे बघायची. वहिनी आत आली की मान खाली घालून पुन्हा भाजी निवडायला लागायची. 'मेलो' हा शब्द मात्र तिने कुणासाठीच पुन्हा वापरला नाही.

वर्ष झालं नव्हतं, तेव्हा यंदा गणपती नको, असं शेजारी म्हणाले. आणायचाच तर दुसरा टेम्पो सांगू म्हणाले. आईने दोन्ही ऐकलं नाही. गणपती येणार आणि त्याच गाडीतून येणार.

आदल्या दिवशी झाकण सोडवायला शेजारचे काका कात्री घेऊन हौद्यात शिरले. आई गाडीला हात टेकून उभी होती. काकांनी कात्री उघडली तसं तिने आत वाकून बघितलं.

"कापू नको," ती म्हणाली. "माझ्या झिलान मारलेली गाठ असा ती."

काकांनी कात्री मिटली. दादाचे कपडे देऊन झाले होते, त्याचा नंबर बंद झाला होता. त्याच्या हाताने केलेली आणि तशीच्या तशी राहिलेली घरात एवढीच गोष्ट उरली होती, आणि तोपर्यंत ते आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. गुडघे दुखत असताना आई हौद्यात चढली आणि नखांनी एकेक गाठ सोडवत बसली. लोक खोळंबले होते. मला आधी चीड आली, मग रडू आलं, मग पुन्हा चीड आली. सोडवलेले धागे तिने पदरात घेतले आणि घरी येऊन मखरापुढच्या तबकात ठेवले. झाकण बसवताना हेच धागे पुन्हा बांधायचे, असं मला आणि वहिनीला दोनदा बजावलं.

गौरीबरोबर आमचा गणपती गेला. निघायची घाई, दारात आरतीचा गलका, आणि वहिनीने निर्माल्य गोळा केलं. हार, दुर्वा, जास्वंदीची सुकलेली फुलं. तबक फुलांनी भरलं होतं. फुलांखालचे लाल धागे तिने त्यातच घेतले. तिच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. पूजेतला धागा केरात जायचा नाही, निर्माल्यात जायचा, हे लहानपणापासून हाताला लागलेलं असतं. त्याला विचार करावा लागत नाही. गिरगाव चौपाटीवर ते सगळं निर्माल्य कलशात गेलं.

पाट घरी आला. त्यावरच्या वाळूला हळद-कुंकू वाहिलं, आरती झाली. मग आईने धागे मागितले.

वहिनीने तबकाकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. गाडीची किल्ली उचलून ती दाराकडे धावली. अख्ख्या गिरगावचं निर्माल्य उपसून ती ते कुठून शोधणार होती कुणास ठाऊक. आईने तिचा हात धरला. आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पाटाशी बसली आणि पदर तोंडाला लावून हुंदके देऊन रडली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. वहिनी तिच्या मांडीवर डोकं ठेवून माफी मागत होती आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला ते बघवेना. मी खाली जाऊन गोधडीवरच्या त्या झाकणापाशी उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी काकांनी आणि चाळीतल्या माणसांनी झाकण चढवलं. नवा धागा आणला, ज्याला जशी जमली तशी गाठ त्याने मारली. वहिनीनेही मारून बघितली. दादासारखी कुणालाच जमली नाही. आता गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की झाकण खडखडायला लागतं आणि चाळीच्या दारापर्यंत खडखडत येतं.

मला तो आवाज सहन होईना. गेल्या रविवारी मी मेकॅनिकला घेऊन गेले. रबराचे तुकडे घातले की आवाज बंद होईल, असं तो म्हणाला. त्याने हौदा उघडला तशी गॅलरीतून आईची हाक आली. मी वर गेले.

"नको. वाजांदे," ती म्हणाली. "गाडी गुपचूप इली की माका वाटता, तोच इलो. वाजत इली की कळता, तो नाय."

मी मेकॅनिकला चहा देऊन परत पाठवलं.